कोलंबसहून आमर्सफोर्टला: एका अमेरिकी कुटुंबाच्या स्थलांतराचे प्रकरण

मी नेदरलँड्समध्ये छोट्या व्यावसायिकांचे जमाखर्च पाहतो. पुढील प्रकरण माझ्याच एका अशिलाच्या कुटुंबाचे असून ते त्यांच्या परवानगीने लिहिले आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि कुटुंबातील माणसांचा उल्लेख पती, पत्नी, मुलगी व मुलगा असाच केला आहे. अमेरिकेत गेलेला माणूस आपल्याकडे घरोघरी आहे. अमेरिकेतून बाहेर पडलेला अमेरिकी माणूस मात्र आपल्या हिशेबात सहसा नसतो, आणि असलाच तर गोव्याच्या किनाऱ्यावरचा किंवा पुण्याच्या आश्रमातला. हे कुटुंब त्या जातीचे नव्हते. त्यांना अध्यात्म, समुद्र किंवा स्वस्ताई यांपैकी काहीही नको होते. त्यांना काय हवे होते हे त्यांनाही बरेच उशिरा नीट सांगता आले, आणि म्हणूनच हे प्रकरण लिहून ठेवावेसे वाटले.

पार्श्वभूमी

ओहायो राज्याची राजधानी कोलंबस हिच्या पश्चिमेकडील उपनगरात हे कुटुंब राहत होते. २०२३ च्या सुरुवातीला पतीचे वय ४४ होते. तो मालवाहतुकीचे वेळापत्रक सांभाळणारी संगणकप्रणाली लिहीत असे आणि त्याला वर्षाला १,१८,००० डॉलर पगार होता. पत्नी ४२ वर्षांची, परिचारिका. मुलगी दहा वर्षांची आणि मुलगा सहा वर्षांचा होता. २०१६ साली घेतलेल्या घराचे कर्ज त्यांनी २०२१ मध्ये २.९ टक्के दराने, तीस वर्षांसाठी, स्थिर व्याजाने नव्याने बांधून घेतले होते. दारात दोन मोटारी होत्या, कारण कोलंबससारख्या शहरात मोटार ही चैन नसते. दहा लाखांच्या आसपास वस्तीच्या या शहरातून १९७९ पासून एकही प्रवासी रेल्वे धावलेली नाही. मुलांची शाळा घरापासून अडीच किलोमीटरवर होती, पण वाटेत चार पदरी रस्ता होता आणि त्याला पदपथ नव्हता, त्यामुळे मुले पिवळ्या बसने तरी जात किंवा आईच्या मोटारीने तरी.

२०२१ च्या वसंतात, पाचव्या वर्षी, मुलाला टाइप १ मधुमेहाचे निदान झाले. या आजारात शरीर स्वतःचे इन्शुलिन बनवणेच थांबवते, त्यामुळे ते बाहेरून आयुष्यभर द्यावे लागते आणि त्यात एक दिवसाचाही खंड चालत नाही. पत्नीने रुग्णालयातील पूर्ण वेळेची जागा सोडली आणि बोलावतील तशा पाळ्या करण्याचा करार घेतला. तासाचा दर बरा मिळे आणि शाळेतून फोन आला की निघता येई, पण अशा करारात आरोग्य विमा मिळत नाही. तेव्हापासून चौघांचाही विमा पतीच्या नोकरीवर उभा होता.

शाळेची बाजू मात्र भक्कम होती, हे आधीच नोंदवले पाहिजे, कारण पुढे ती कळीची ठरली. अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या ५०४ व्या कलमान्वये अशा मुलासाठी शाळेला लेखी योजना करून द्यावी लागते. या मुलाच्या शाळेत परिचारिका होती, तिच्या कपाटात त्याच्या नावाचा डबा होता, आणि जेवणाआधी साखर पाहून इन्शुलिनची मात्रा देण्याचे काम ती रोज करी.

अडचण

जानेवारी २०२३ मध्ये पतीची नोकरी गेली. त्या हिवाळ्यात अमेरिकेतील संगणक क्षेत्रात मोठी कपात चालू होती, तेव्हा त्यात आश्चर्याचे काही नव्हते. दहा आठवड्यांचा पगार हातात मिळाला. विमा महिनाअखेरीस संपला.

नोकरी आणि आरोग्य विमा यांची ही गाठ कोणी फार विचार करून मारलेली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, अमेरिकी सरकारने वेतनवाढीवर बंधने घातली. माणसे टिकवण्यासाठी मालकांनी पगाराऐवजी विमा देऊ केला, आणि १९५४ च्या करकायद्याने अशा विम्यावरील मालकाचा खर्च कर्मचाऱ्याच्या करपात्र उत्पन्नातून वगळला. युद्ध संपून गेले, सवलत राहिली, आणि तिच्याभोवती सगळी व्यवस्था वाढली. कैसर फॅमिली फाउंडेशन या आरोग्यधोरणाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २३,९६८ डॉलर होता आणि त्यातले कर्मचाऱ्याच्या खिशातून सरासरी ६,५७५ डॉलर जात. उरलेली रक्कम मालक भरतो, म्हणून ती एरवी कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

नोकरी गेल्यावर ती येते. १९८५ च्या ‘कोब्रा’ कायद्याने जुना विमा साधारणपणे १८ महिने चालू ठेवता येतो, पण मालकाच्या वाट्यासह पूर्ण हप्ता आणि वर दोन टक्के प्रशासकीय खर्च असा १०२ टक्क्यांपर्यंत भरणा स्वतः करावा लागतो. या कुटुंबासाठी तो महिना २,०८० डॉलर झाला. त्याशिवाय दर जानेवारीत दोन गोष्टी नव्याने सुरू होत: विमा कंपनी खर्च देऊ लागण्याआधी स्वतःच्या खिशातून भरायची प्रारंभिक रक्कम पुन्हा शून्यापासून मोजली जाई, आणि मुलाच्या इन्शुलिन देणाऱ्या पंपासाठी व साखर मोजणाऱ्या सेन्सरसाठी विमा कंपनीची पूर्वमंजुरी पुन्हा मिळवावी लागे. पत्नीने मला दाखवलेल्या वहीत २०२२ च्या जानेवारीत केलेल्या अशा अकरा फोनांची नोंद होती, प्रत्येकासमोर तारीख, बोललेल्या माणसाचे पहिले नाव आणि ताटकळत घालवलेली मिनिटे. फ्रिजमध्ये लोण्याच्या कप्प्यात ती इन्शुलिनच्या चार-पाच जादा बाटल्या साठवून ठेवी. मुलाची मात्रा थोडी कमी लागली की वाचलेला साठा त्या कप्प्यात जाई.

समोर असलेले पर्याय

पहिला आणि सर्वांत सरळ पर्याय असा होता की पत्नीने पुन्हा पूर्ण वेळेची जागा घ्यावी. परिचारिकांची टंचाई होती, महिन्याभरात विम्यासह नोकरी मिळाली असती. माझ्या मते या पर्यायाचा विचार त्यांनी पुरेसा केला नाही. बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि मुलाची रात्रीची साखर यांचा मेळ बसणार नाही असे ते म्हणाले, आणि ते खरेही असेल. पण पती घरीच होता, आणि रात्री उठून साखर पाहण्याचे काम त्यालाही शिकता आले असते. दोघांनी हे मला पुढे हसून मान्य केले.

दुसरा पर्याय होता ‘अफोर्डेबल केअर ॲक्ट’ या आरोग्य विम्याच्या कायद्याखालील विमाबाजारातून स्वतःचा विमा घेऊन पतीने स्वतंत्र काम करण्याचा. आधीपासूनचा आजार आहे म्हणून २०१४ पासून कोणालाही नाकारता येत नाही, तेव्हा मार्ग खुला होता. मात्र २०२३ मध्ये अशा योजनांत कुटुंबाने स्वतःच्या खिशातून भरायच्या रकमेची कमाल मर्यादा १८,२०० डॉलर होती, आणि मुलाचा डॉक्टर ज्या योजनांत बसत होता त्यांचे हप्ते चढे होते.

तिसरा पर्याय म्हणजे पतीने दुसरी नोकरी शोधण्याचा. त्याला एप्रिलमध्ये एक देकार आलाही. पगार ठीक होता. तो देकार हातात असताना दोघांना पहिल्यांदा जाणवले की आपल्याला तो घ्यायचा नाही, आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणातील पहिला खरा निर्णय तोच होता. तोवरचा प्रश्न ‘विमा कसा मिळवायचा’ असा होता. देकार आल्यावर तो ‘पुढच्या वेळी नोकरी गेली तर काय’ असा झाला. मुलाच्या अठराव्या वर्षापर्यंत हा प्रश्न किती वेळा येईल याचा त्यांनी अंदाज केला आणि देकार परत केला.

चौथा पर्याय देश सोडण्याचा. कॅनडाच्या गुणपद्धतीत पतीचे वय आड येत होते. पोर्तुगालचा ‘डी ७’ परवाना मुख्यतः निवृत्तिवेतन, भाडे अशा बसल्या जागी येणाऱ्या उत्पन्नासाठी असतो आणि त्यांचे तसे उत्पन्न नव्हते. तिथला दूरस्थ काम करणाऱ्यांचा परवाना शक्य होता, पण तिथे असलेल्या ओळखीच्या एका कुटुंबाला भेटीच्या तारखेसाठी फार तिष्ठत राहावे लागले होते. उरला नेदरलँड्सचा मार्ग, आणि तो जवळजवळ अपघाताने सापडला.

२७ मार्च १९५६ रोजी हेग येथे अमेरिका व नेदरलँड्स यांच्यात मैत्रीचा एक करार झाला. त्याच्या आधारे अमेरिकी नागरिकाला नेदरलँड्समध्ये स्वतःचा व्यवसाय काढून राहता येते आणि त्यासाठी एकल व्यवसायात गुंतवायचे किमान भांडवल ४,५०० युरो एवढेच आहे. इतर परदेशी व्यावसायिकांना आपला धंदा डच अर्थव्यवस्थेला उपयोगी कसा हे गुणांकनातून सिद्ध करावे लागते; अमेरिकी नागरिकाला, आणि दुसऱ्या एका जुन्या करारामुळे जपानी नागरिकाला, ते करावे लागत नाही. भारतीय पारपत्रावर हे दार उघडत नाही. मी स्वतः सांगलीहून इथे आलो तो एका कंपनीच्या बोटाला धरून, आणि ते बोट सुटले असते तर परवानाही सुटला असता. त्यामुळे अमेरिकी अशिलाचा प्रारंभिक ताळेबंद तयार करताना दर वेळी किंचित हेवा वाटतो, हे लपवत नाही.

निर्णय आणि कृती

मे २०२३ मध्ये त्यांचे मन ठरले. जुलैमध्ये घर विकले. कर्ज फेडून आणि खर्च वजा जाता हाती सुमारे २,१०,००० डॉलर उरले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ते आमर्सफोर्टला उतरले. हे शहर मोठे रेल्वे जंक्शन आहे, उट्रेख्त गाडीने पंधरा मिनिटांवर, आणि ॲमस्टरडॅमपेक्षा भाडी कमी. अमेरिकी नागरिकाला आगाऊ प्रवेश व्हिसा लागत नाही, त्यामुळे परवान्याचा अर्ज इथे आल्यावर करता येतो. जन्माचे आणि विवाहाचे दाखले ओहायोतूनच शासकीय प्रमाणांकन करून आणायचे असतात, ते त्यांनी आणले होते. मुलाच्या इन्शुलिनचा तीन महिन्यांचा साठा थंड पिशवीतून हातातल्या सामानात आला.

माझा संबंध इथून सुरू झाला. पहिल्या महिन्यात जी कोंडी झाली ती या मार्गाने येणाऱ्या बहुतेकांची होते. नगरपालिकेत नोंद झाल्याशिवाय नागरिक क्रमांक मिळत नाही. पत्त्याशिवाय नोंद होत नाही. आणि इथल्या उत्पन्नाचा पुरावा नसलेल्या स्वतंत्र व्यावसायिकाला घर द्यायला मालक तयार नसतात. शेवटी सहा महिन्यांचे भाडे आगाऊ देऊन १,९५० युरो महिना भाड्याचे एक चाळवजा रांगेतील घर मिळाले. मग बँक. अमेरिकेच्या २०१० च्या ‘फाट्का’ कायद्याने परदेशी बँकांना अमेरिकी खातेदारांची माहिती अमेरिकेच्या करखात्यापर्यंत पोहोचवावी लागते, म्हणून काही बँका अशा खातेदाराला टाळतात. दोन बँकांनी नकार दिला, तिसरीने खाते उघडले, भांडवल जमा झाले, मी ताळेबंद दिला आणि ऑक्टोबरमध्ये अर्ज गेला. दोन वर्षांचा परवाना मिळाला. त्याच्या जोरावर पत्नीला कोणाकडेही नोकरी करण्याची मोकळीक मिळाली. पतीने मात्र, परवान्याच्या अटीप्रमाणे, आपल्या व्यवसायातच राहायचे असते.

आरोग्य विम्याचे काम, ज्याच्यासाठी हे सारे चालले होते, एका दुपारी झाले. नेदरलँड्समधील विमा सरकारी आहे असा पुष्कळांचा समज असतो. तो खासगी कंपन्यांचाच आहे. १ जानेवारी २००६ पासून लागू असलेल्या कायद्याने प्रत्येक रहिवाशाने तो घ्यायचा असतो आणि मूळ योजनेसाठी कंपनीला कोणालाही, कोणत्याही आजारासह, नाकारता येत नाही. प्रौढाला तेव्हा महिना दीडशे युरोंच्या आत-बाहेर हप्ता होता, शिवाय वर्षाला पहिले ३८५ युरो स्वतःचे. अठरा वर्षांखालील मुलांना हप्ता नाही आणि ही स्वतःच्या खिशातील रक्कमही नाही. पत्नी पहिल्यांदा औषधांच्या दुकानातून सेन्सर घेऊन आली तेव्हा काउंटरवर थांबून राहिली होती. दुकानातल्या मुलीने विचारले, आणखी काही हवे आहे का. ही म्हणाली, मी बिलाची वाट पाहते आहे. बिल थेट विमा कंपनीकडे जाते हे कळल्यावरही ती पावती म्हणून काहीतरी छापून द्या असा आग्रह धरून बसली, आणि तो कागद अजून त्या अकरा फोनांच्या वहीत आहे.

पहिल्या दीड वर्षात काय घडले

चांगले आधी सांगतो. मोटार नसण्याने मुलीच्या आयुष्यात जो फरक पडला त्याचा अंदाज कोणालाच नव्हता. कोलंबसमध्ये पोहणे, मैत्रीण, वाचनालय, प्रत्येक ठिकाणी तिला कोणीतरी सोडावे लागे. इथे तीन महिन्यांत जुनी सायकल घेऊन ती एकटी फिरू लागली. जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. साडेनऊला पोहण्याच्या सरावाहून ती ओले केस घेऊन एका हाताने हँडल धरून आली, तेव्हा तिची आई खिडकीपाशी उभी होती. पुढच्या खेपेला ती उभी राहिली नाही. हे सुख या देशाला निसर्गाने दिलेले नाही, हेही सांगायला हवे. १९७१ साली इथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यात चारशेंहून अधिक मुले होती. त्यावर ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा नावाचे आंदोलन उभे राहिले, तेलटंचाई आली, आणि त्यानंतरच्या दशकांत रस्ते बदलले गेले. अमेरिकेत २०२२ मध्ये साडेसात हजारांच्या आसपास पादचारी वाहनांखाली मेले. आई-बाप मुलाला एकटे सोडत नाहीत ते भित्रेपणामुळे, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

शाळेतील गोळीबाराची भीती आणि त्याच्या कवायती याही त्यांच्या यादीत होत्या. परंतु दोघांशी झालेल्या बोलण्यांवरून माझे मत असे की हे कारण ते इतरांना सांगत, कारण ते चटकन पटते. त्यांना स्वतःला हलवले ते विम्यानेच.

आता दुसरी बाजू. इथल्या प्राथमिक शाळांत परिचारिका नसते, आणि इन्शुलिन देण्यासारखे वैद्यकीय काम शिक्षकाने करावे अशी सक्ती नसते. मुलाच्या शिक्षिका प्रेमळ होत्या, पण मात्रा द्यायला त्यांनी नकार दिला आणि तो त्यांचा हक्क होता. पहिले सात महिने पती रोज बारा वाजता सायकलने शाळेत जाऊन, पंपावर मात्रा टाकून, परत येई. पुढे मधुमेहाच्या परिचारिकेने शाळेत येऊन दोन शिक्षिकांना शिकवले, त्या दोघी स्वखुशीने तयार झाल्या आणि लेखी करार झाला. आजाराच्या खर्चाच्या बाबतीत डच व्यवस्था सरस आणि शाळेतील हक्कांच्या बाबतीत अमेरिकी, असा हा सरळ हिशेब आहे, आणि देश बदलण्याच्या उत्साहात तो कोणी मांडला नव्हता.

पतीचे दोन्ही ग्राहक अमेरिकेतले. ओहायोचे घड्याळ सहा तास मागे, म्हणजे त्याच्या बैठका इथल्या दुपारी तीन ते रात्री आठ. शेजारीपाजारी सहाच्या ठोक्याला जेवायला बसत तेव्हा हा माडीवर कानाला यंत्र लावून बसलेला असे. स्वतंत्र व्यावसायिक असल्याने भरपगारी रजा नाही आणि आजारपणाचे वेतनही नाही. युरोपातल्या निवांतपणाचे जे वर्णन अमेरिकेत चालते ते नोकरदारांचे आहे. पत्नीला तो निवांतपणा मिळाला, पण वेगळ्या भावाने: तिची परिचारिकेची पदवी इथे मान्य व्हायला डच भाषेची आणि विषयज्ञानाची परीक्षा देऊन नोंदणी करावी लागते, म्हणून सध्या ती वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून आठवड्याचे चोवीस तास काम करते. वीस वर्षे शिरेत सुया टोचणारी बाई आता आजोबांना न्याहारी भरवते. तिला त्याचे वाईट वाटत नाही असे ती सांगते; मी त्यावर काही बोलत नाही.

एक चूक माझ्या क्षेत्रातली. करारानुसारचे ४,५०० युरो व्यवसायात कायम राखायचे असतात. एप्रिल २०२४ मध्ये कराचा एक हप्ता पतीने त्याच खात्यातून भरला आणि शिल्लक ३,९०० वर आली. तिमाही हिशेब करताना मला ती दिसली, त्याच दिवशी भरणा करवून घेतला. नूतनीकरणाच्या वेळी ती तशीच सापडली असती तर परवाना अडचणीत आला असता.

परिणाम

२०२४ चे पूर्ण वर्ष हाती आल्यावर आम्ही तिघे बसलो. अमेरिकेत दोघांचे मिळून उत्पन्न १,५९,००० डॉलर होते. इथे पतीचा नफा ६२,००० युरो आणि पत्नीचे वेतन १९,००० युरो. तेव्हाच्या दराने ही घट ४५ टक्क्यांच्या जवळपास जाते. आरोग्यावर दोघांचे हप्ते, स्वतःच्या खिशातील रक्कम आणि पतीच्या नफ्यावरील सुमारे पाच टक्क्यांची आरोग्य वर्गणी धरून ७,६०० युरोंच्या आसपास गेले. पतीची नोकरी चालू होती त्या काळात अमेरिकेत हप्ता आणि प्रारंभिक रक्कम मिळून ११,००० डॉलर जात. म्हणजे फरक आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. खरा फरक नोकरी गेल्यावर दिसतो: तिथे तोच आकडा पंचवीस हजारांवर जातो, आणि इथे नफा घटला तर वर्गणीही घटते. मोटारींचे हप्ते, विमा, इंधन आणि दुरुस्ती मिळून १४,००० डॉलर वाचले, त्यात चार सायकली आणि रेल्वेचे तिकीट आरामात बसले.

बचत मात्र घसरली. अमेरिकेत वर्षाला १८,००० डॉलर निवृत्तीसाठी बाजूला पडत, इथे कसेबसे ४,०००. इथले सरकारी वृद्धत्ववेतन वास्तव्याच्या प्रत्येक वर्षामागे दोन टक्के या दराने जमते. चव्वेचाळिसाव्या वर्षी आलेल्याला ते अर्ध्याच्याही पुढे जाणार नाही. घराच्या विक्रीचे पैसे अमेरिकी निर्देशांक फंडात आहेत, आणि डच करखाते अशा मालमत्तेवर, सूट वजा जाता, गृहीत परताव्यावर कर लावते. २०२४ चा तो कर १,७०० युरोंच्या वर आला, फंड विकलेला नसतानाही. अमेरिकी नागरिक जगात कुठेही राहिला तरी त्याला अमेरिकेचे विवरणपत्र भरावे लागते, आणि परदेशी खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर वेगळी माहिती द्यावी लागते. इथे भरलेल्या कराची वजावट मिळत असल्याने आयकर दुहेरी बसला नाही, पण दोन देशांच्या दोन हिशेबनिसांचे पैसे मात्र दर वर्षी जातात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पत्नीच्या आईला कोलंबसमध्ये पक्षाघात झाला. पत्नी पाच महिन्यांत तीनदा जाऊन आली. त्याबद्दल मराठी वाचकाला अधिक सांगायची गरज नाही. फोन कुठल्या देशातून कुठल्या देशात लागतो, एवढाच काय तो फरक.

२०२५ च्या शरदात परवान्याचे नूतनीकरण झाले. या वेळी पाच वर्षांसाठी. ‘आयुष्य सुधारले का’ असे मी दोघांना वेगवेगळे विचारले. पतीने होय म्हटले आणि लगेच आकड्यांकडे वळला. पत्नी म्हणाली की जानेवारी महिना आता इतर महिन्यांसारखाच येतो.

वेगळे काय करता आले असते

घर विकणे ही मोठी चूक होती असे मला वाटते. २.९ टक्क्यांचे स्थिर कर्ज ही स्वतःच एक मालमत्ता असते. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर पावणेआठ टक्क्यांवर गेला होता, त्यामुळे परतण्याची वेळ आली तरी तसेच घर तसल्या हप्त्यात पुन्हा मिळणे अशक्य झाले. एक-दोन वर्षे भाड्याने देऊन परतीची वाट उघडी ठेवता आली असती. त्यांचे उत्तर असे की वाट उघडी असती तर शाळेच्या त्या सात महिन्यांत आपण परत गेलो असतो. ते खरे असेल, पण परत जाता येणे वाईटच होते हे त्यावरून ठरत नाही.

मोटार चालवण्याचा परवाना ही छोटी गोष्ट, पण नोंदवतो. अमेरिकी परवाना इथे नोंद झाल्यापासून १८५ दिवसच चालतो. दोघांनीही मोटार लागणार नाही म्हणून तिकडे दुर्लक्ष केले. मुलाला रात्री-अपरात्री रुग्णालयात न्यायची एक वेळ आल्यावर पत्नीने धडे घेऊन लेखी व प्रत्यक्ष परीक्षा दिली, आणि पहिल्या खेपेला नापास झाली. तेवीस वर्षांच्या अनुभवावर.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मुलीचा आहे आणि त्यात माझाही वाटा आहे. डच शाळेत मुले साधारण बाराव्या वर्षी प्राथमिक शाळा सोडतात आणि त्याच सुमारास त्यांची वाटणी होते: विद्यापीठाकडे नेणारा व्हेव्हेओ, उच्च व्यावसायिक शिक्षणाकडे नेणारा हाव्हो आणि व्यवसायशिक्षणाकडे नेणारा व्हेएम्बेओ. मुलगी अकराव्या वर्षी आली, म्हणजे वाटणीच्या नेमक्या वर्षात, एक शब्द डच न येता. मुलगा सात वर्षांचा होता. वर्षभरात तो शेजारच्या पोरांशी भांडण्याइतके डच बोलू लागला आणि त्याच्यापुढे पाच वर्षे मोकळी होती. मुलीला आधी भाषावर्गात आणि मग परदेशातून आलेल्या किशोरांच्या जोडवर्गात जावे लागले. तिथून तिला व्हेएम्बेओचा सल्ला मिळाला. ओहायोत ती गणितात वर्गाच्या दोन वर्षे पुढे होती. दोन वर्षे आधी आले असते तर भाषेला वेळ मिळाला असता. तो काळ मुलाच्या निदानाचा होता, हे मान्य. पण उशिराच यायचे तर इंग्रजी माध्यमाच्या शाळेचा खर्च घराच्या पैशांतून बाजूला काढून मग यायला हवे होते. पहिल्या भेटीत मी भांडवल, बँक, विमा आणि दाखले यांची यादी त्यांच्यापुढे ठेवली होती, त्यात मुलांचे वय विचारणारा रकाना नव्हता. आता आहे, आणि तो सर्वांत वर आहे.

पालकांनी सल्ल्यावर फेरविचार मागितला. जोडवर्गाच्या गणिताच्या शिक्षकाने तिची बाजू लेखी मांडली, आणि ऑगस्ट २०२५ पासून तिला व्हेएम्बेओच्या वरच्या शाखेचा व हाव्होचा मिळून असलेल्या पहिल्या वर्गात घेतले आहे. वर्गातली बाकीची मुले तिच्याहून एक वर्षाने लहान आहेत. वर्षअखेरीस कोणत्या शाखेत जायचे ते ठरेल, आणि हाव्हो मिळाला तर तो पूर्ण करून व्हेव्हेओच्या पाचव्या वर्षात जाण्याची वाटही असते. शाळा घरापासून सहा किलोमीटरवर आहे. ती सायकलने जाते.